पायाळूची कंबर

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.

आज अंगणात चांगलीच गर्दी. यांना गिऱ्हाईक म्हणू नये, आपण कोणाकडून पैसा घेत नाही. भक्त म्हणणं बरं दिसत नाही. 'येणारे' म्हणू.

मंगळवार-शनिवार, ऊन निघायच्या आत. रिकाम्या पोटी, भिंतीकडे तोंड, आणि कमरेवर माझ्या उजव्या पायाच्या तीन हलक्या लाथा. उसण गेलीच पाहिजे. पायाकडून जन्मलेला माणूस तो पायाळू, आणि पांढुर्ण्यात माझ्याएवढं नाव असलेला पायाळू दुसरा नाही. लहानपणी आभाळ कडाडलं की आई मला धान्याच्या कोठीमागे दडवून ठेवायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. म्हणजे हा मान फुकटात नाही मिळाला. भोगून मिळाला आहे.

यशवंतराव आले होते. संत्र्याचे व्यापारी. दर हिवाळ्यात उसण भरते, दर हिवाळ्यात मीच काढतो. पैसे घेत नाही म्हटल्यावर संत्र्यांनी भरलेला क्रेट ओसरीवर ठेवून गेले. वाकून उचलला, आत नेला, तर 'कट्' असा आवाज. प्लॅस्टिकचे क्रेट आजकाल अगदी हलक्या दर्जाचे निघून राहिले.

५ नोव्हेंबर, बुधवार.

क्रेट साबूत आहे. आवाज कमरेतून आला होता.

सकाळी उठताच येईना. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पलंगाची दांडी धरून, शेवटी सरलाला धरून. सरला म्हणाली, उसण भरली. मी म्हटलं, पायाळूला उसण भरत नसते. ती म्हणाली, मग हे काय भरलं? या बाईला लग्नापासून प्रश्न विचारायची खोड आहे.

कारण सापडलं: गादी. मधे खड्डा पडला आहे. संकल्प: गादी पिंजून घेणे. तोवर जमिनीवर झोपणे.

ऑफिसात ताप आहे म्हणून कळवलं. सौंसरच्या आमच्या ऑफिसातले अर्धे लोक माझी लाथ खाऊन बरे झालेले. त्यांना कंबर कशी सांगू? पट्टीचा पोहणाराच बुडतो, असं लोक हसत हसत म्हणतात. मला ते ऐकायचं नाही. बाहेर कळता कामा नये.

८ नोव्हेंबर, शनिवार.

जमिनीवर झोपल्याने जमिनीवरून उठायचा नवीन प्रश्न निर्माण झाला.

तरी येणाऱ्यांना परत पाठवलं नाही. पाय उचलला की कमरेपासून पोटरीपर्यंत वीज. आई म्हणायची ती वीज हीच असन. एकदा तोंडातून जोरात 'आई गंऽऽ' निघालं. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली बाई वळली, हात जोडले, म्हणाली अंगात आलं. मी पुढची लाथ मारली. तिचा विश्वास का मोडायचा?

११ नोव्हेंबर, मंगळवार.

श्रुतीचा फोन. नागपूरला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे आमची पोरगी. सरलाने चुगली केलेली दिसते.

एक तास लेक्चर. बाबा, पडून राहू नका. एक-दोन दिवस ठीक, मग घरातल्या घरात फिरत राहा. शेक घ्या. वाकून वजन उचलू नका, गुडघ्यात बसून उचला. बस आणि खुर्ची, दोन्हीकडे तासन्‌तास बसून राहता, मधून उठत जा. पोट कमी करा. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणे.

मी म्हटलं, आपोआप नाही, लाथेने.

ती म्हणाली, बाबा, लाथ मारा नाही तर नका मारू. होतेच.

जेवण गेलं नाही. एवढी वर्षं लोक थंडीत अंगणात उभे राहतात ते काय हवा खायला? पोरगी वाईट मनाने बोलली नाही, मला माहीत आहे. पण बोलली. छातीत अजून रुतून आहे.

फोन ठेवता ठेवता एक बजावलं. पायात मुंग्या आल्या, बधिर झाला, पंजा उचलायला जोर कमी पडला, किंवा लघवीला त्रास झाला, तर हयगय करायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. नस दबली तर पाय हातचा जातो. हौ म्हटलं. जे होणारच नाही त्याला हौ म्हणायला आपलं काय जातं?

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी फिरणे.

१२ नोव्हेंबर.

थंडी होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

फिरायला निघालो. चौकात यशवंतराव भेटले, म्हणाले, बाबूजी, तिरपे काऊन चालून राहिले? खिशात जड किल्ल्या आहेत म्हटलं. तिथूनच परत. फिरण्याने माणूस उघडा पडतो. फिरणे बंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

सरलाला घेऊन जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आलो. साष्टांग घालायचा होता, उभ्यानेच भागवलं. मारुतीराया तिथे स्वतः आडवे आहेत. बळाचा देव, आणि आराम करून राहिला! इकडे नागपूरची पोरं म्हणतात पडून राहू नका. कोणाचं ऐकावं? घरी येऊन आडवा झालो तो रात्रीच्या जेवणालाच उठलो. सोमवारपर्यंत असंच ठेवायचं ठरवलं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

पडून राहिल्याने कंबर लाकडासारखी झाली. गादीच्या कापसातच दोष असावा.

सौंसरच्या मेडिकलमधून कमरेचा पट्टा घेतला. दुकानदार ओळखीचा, म्हणून बायकोसाठी पाहिजे म्हटलं. त्याने माप विचारलं. माझंच सांगितलं. तो काही वेळ पाहतच राहिला.

पट्टा शर्टाच्या आत, वरून स्वेटर. कोणाला काही कळत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

सगळ्यांना कळलं, पण सरलाचं. गल्लीतल्या बाया तिला विचारून राहिल्या, कंबर कशी आहे, आणि घरात एवढा पायाळू असून पट्टा काऊन लावावा लागतो? सरला घरात येऊन कडाडली. म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं बोलली नाही, ताट आदळलं.

मीही चिडलो. माणसाने बायकोच्या नावाने एक पट्टा घेतला तर आभाळ कोसळत नाही. पण नंतर पाहिलं, ती स्वयंपाकघरात डोळे पुसून राहिली होती. मी विचारलं, एवढं काय झालं? म्हणाली, तुमच्या पायाची भीती वाटते मला. काहीही बोलते.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

मोठी गोष्ट. उजव्या पोटरीत आणि अंगठ्यात झिणझिण्या सुरू आहेत, बसलं तरी, उठलं तरी. श्रुतीने सांगितल्या त्या मुंग्या वेगळ्या असणार. त्या आजाराच्या. या शक्तीच्या वाटतात. इतक्या वर्षांचं पुण्य पायात उतरून राहिलं. आज लाथा मारल्या तेव्हा दुखणंही कमी होतं. चार लोकांनी सांगितलं, आज लगेच गुण आला.

श्रुतीला सांगितलं नाही. तिच्या पुस्तकात हे नसणार.

९ डिसेंबर, मंगळवार.

सौंसरच्या बसमध्ये चढताना पायरीला पंजा अडला. कंडक्टरने दंड धरला. पायऱ्या आजकाल उंच करून ठेवल्या.

ऑफिसात पोचल्यावर पाहतो तर उजव्या पायात चप्पल नाही. कुठे निघाली, समजलं नाही. साहेबांनी विचारलं, हे काय? नवस आहे म्हटलं. एका पायाचा नवस? हौ म्हटलं. साहेब भोपाळकडचे आहेत, त्यांना इकडचं काय माहीत. दिवसभर पाय टेबलाखाली.

चप्पल ढिली होती. संकल्प: बुटाची सवय करणे.

१४ डिसेंबर, रविवार.

कोणाला सांगू नये असं काम केलं. बोरगावला गेलो.

तिथे डिंपल नावाची एक सून ब्यूटी पार्लर चालवते. तीही पायाळू. लाथेचे व्हिडिओ मोबाइलवर टाकते. मी नेहमी म्हणत आलो की पार्लरमध्ये भुवया कोरून घ्याव्या, कंबर दाखवू नये. पण स्वतःची लाथ स्वतःच्या कमरेला पोचत नाही, हा निसर्गाचाच दोष आहे. तोंडावर मफलर, डोळ्यांवर गॉगल लावून गेलो.

आत पाय ठेवत नाही तो ती पाया पडली. म्हणाली, काकाजी, तुम्ही! देवच पावला. दिवसभर उभं राहून तिचीच कंबर गेली आहे, ती कोणाला सांगू शकत नाही, लोक हसतील. पाणी आणून दिलं आणि म्हणाली, तुम्हीच मारा नं काकाजी.

आता काय सांगू? मी लाथ खायला आलो, हे तोंडातून निघेना. लेकीच्या वयाची, म्हणून म्हटलं, मारत नाही, फक्त पाय टेकवतो. ती आरशाकडे तोंड करून उभी राहिली. मी पाय उचलला. पंजा वर आलाच नाही, ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. तोल गेला. शाम्पूच्या बाटल्यांच्या रॅकसकट खाली. समोर आरसा असल्याने मी पडताना मलाच दिसलो.

डिंपल आणि तिच्या सासूने उचललं. हळद-दूध दिलं. पोरगी म्हणाली, फरशी ओली होती काकाजी, आताच पुसली. चांगली पोरगी आहे. फरशी कोरडी होती.

घरी सांगितलं, ओल्या फरशीवर घसरलो.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.

श्रुतीचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, बाबा, टाचांवर चालून दाखवा. ही काय वेळ आहे म्हटलं. ऐकेना. सरलाने मोबाइल धरला. डावा पंजा छान उचलला. उजवा नाही उचलला. परत करा म्हणाली. परत नाही. मी म्हटलं, आपल्या टाइल्सला उतार आहे.

पोरगी हळू आवाजात म्हणाली, कधीपासून? मी म्हटलं, शक्ती उतरून राहिली तेव्हापासून. ती रडायला लागली. उद्या सकाळच्या पहिल्या बसने या, हात जोडते, हा पाय जाऊन राहिला बाबा.

इथे गंमत अशी की पुढच्या महिन्यात चार तारखेला माझा सत्कार आहे. यशवंतरावांनी ठरवलं, समाजभवनात, पायाळू म्हणून इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल. शाल, श्रीफळ, मानपत्र. पत्रिका वाटून झाल्या. नागपूरला गेलो की डॉक्टर ठेवून घेणार, गावभर होणार, मग कोणत्या तोंडाने शाल घेऊ? एवढे दिवस निघाले, थोडे आणखी निघतील. श्रुतीला म्हटलं, पाच तारखेला नक्की.

सरला तेव्हापासून माझ्याशी बोलून नाही राहिली. बॅग मात्र भरून दारामागे ठेवली आहे.

२७ डिसेंबर, शनिवार.

येणाऱ्यांना सांगितलं, सत्कारापर्यंत लाथ बंद, अनुष्ठान आहे. प्रसाद म्हणून हात लावला. एक जण म्हणाला, हाताने नाही होत बाबूजी. लोकांना किती समजतं!

खरं असं की पाय लाथेएवढा उचलत नाही. आज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्याला सांगून पाहिलं, ऊठ. दातओठ खाऊन सांगितलं. चादर हलली नाही. फार भीती वाटली. मग चहा घेतला.

थंडीने आखडला असन. संकल्प: मोजे.

४ जानेवारी, रविवार. दुपार. (गाडीत लिहून राहिलो, अक्षर वाईट.)

सत्कार झाला. मी पडलो नाही. हे आधी लिहून ठेवतो.

तीन पायऱ्या चढलो, डावा आधी, उजव्याला मागून ओढून. यशवंतराव माइकवर म्हणाले, या पायाने पांढुर्णा उभा ठेवला. टाळ्या. डिंपलही आली होती. तिने कोणाला काही सांगितलं नाही, सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर आली तेव्हा आई पाहिजे होती असं वाटलं.

स्टेजवर चढताना चपला काढल्या होत्या, उतरताना घातल्या. खाली आलो, लोकांना नमस्कार करत दरवाज्यापर्यंत गेलो. समोर श्रुती उभी. नागपूरहून मला न सांगता आली. ती माझ्या तोंडाकडे पाहून नव्हती राहिली, पायाकडे. उजव्या पायात चप्पल नव्हती. पंजा मुडपून मी त्याच्या वरच्या अंगावर चालत आलो होतो, बोटं सोलली होती, रक्त निघून राहिलं होतं. मला पत्ताच नाही.

श्रुती तिथेच खाली बसली, स्वतःच्या ओढणीने पाय बांधला. सगळ्यांसमोर. बाबा, बस झालं, एवढंच म्हणाली. यशवंतरावांनी त्यांची गाडी दिली. कोणी हसलं नाही. हसले असते तर काही बोलता तरी आलं असतं.

सरला पुढच्या सीटवर. शाल तिच्या मांडीवर आहे.

६ जानेवारी, मंगळवार. नागपूर.

एमआरआय झाला. कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबून बसली आहे. पंजा उचलणारी नस तीच. डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी असावा. म्हणाला, ऑपरेशन लगेच, कंबर आणि पोटरीचं दुखणं जाईल. पंज्याचं सांगता येत नाही. मुंग्या सुरू झाल्या तेव्हा आला असता तर गोष्ट वेगळी होती. मी म्हटलं, तेव्हा सत्कार ठरलेला नव्हता. त्याला कळलं नाही.

मी विचारलं, लाथ कधी मारता येईल? तो म्हणाला, फुटबॉल खेळता का या वयात? मग श्रुतीने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. परत आला तेव्हा हसला नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात आवडला नाही.

श्रुतीला विचारलं, खरं सांग, माझ्या लाथेने कोणीच बरं नाही झालं? ती बराच वेळ माझी नखं कापत राहिली. मग म्हणाली, बाबा, त्यांना बरं वाटत होतं. ते खोटं नव्हतं.

एवढंच. बाकीचं मी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७. घर.

दुखणं गेलं, अगदी गेलं. डॉक्टर तेवढं बरोबर बोलला. पायाला प्लॅस्टिकची पट्टी आहे, पंजा लोंबू नये म्हणून. श्रुतीने व्यायाम दिले, रोज सरला माझा पंजा हाताने वर-खाली करते. मी मनातून जोर लावतो. ऑफिसात कमरेचं स्वतःच कळवलं, त्यांना आधीच माहीत होतं. गॅलरीत चकरा मारतो, खरंच मारतो. पोट थोडं कमी आहे.

मंगळवार-शनिवार अंगण रिकामं. मला वाटलं होतं, लोक भेटायला तरी येतील. आले, पण दुपारी, चहा घेऊन गेले.

आज मात्र पहाटे दार वाजलं. सौंसरचा अक्षय, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर मान-कंबर वाकवून बसतो. माझ्याबद्दल जुनं ऐकून होता, नवीन नव्हतं ऐकलं. उसण भरलेली, चेहरा पांढरा पडलेला. सरला सांगायला गेली, मी तिला थांबवलं. त्याला म्हटलं, पायात मुंग्या, बधिरपणा, असं काही आहे का? नाही म्हणाला. टाचांवर चालून दाखव म्हटलं. चालला, दोन्ही पंजे कसे वर उचलले त्याने. मी पाहत राहिलो. म्हटलं, मग भिऊ नको, होईल बरं, फिरत राहा, वाकून उचलू नको, गुडघ्यात बसून उचल. तो म्हणाला, हौ काकाजी, पण लाथ मारा नं. त्यासाठीच आलो.

मी खुर्चीत बसलेलो. पट्टी काढली, पाय उचलायला गेलो, पंजा खालीच. त्याने पाहिलं. पोरगा माझ्यासमोर जमिनीवर पाठ करून बसला, हात मागे नेऊन माझा पाय दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःच आपल्या कमरेवर टेकवला. एक, दोन, तीन.

कुठे टेकला ते मला वाकून पाहावं लागलं.

तो उठला, कमरेवर हात ठेवून अंगणात चालून पाहिलं. म्हणाला, फरक आहे काकाजी, एकदम हलकं वाटून राहिलं. पाया पडला आणि गेला.

सरला माझ्याजवळ आली. माझा पाय उचलून तिने स्टुलावर ठेवला आणि हात तसाच त्यावर राहू दिला. बराच वेळ. तिचा हात गरम होता की थंड, मला कळलं नाही.